दोन फेऱ्यांमधला माळ

चहा टेबलावर ठेवून माणूस निघून गेला, चहावर साय धरली, तरी राधाकिसन पडद्याकडे बघतच होता. नव्या मोंढ्यामागच्या त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दिवसभर लोखंडाच्या कारखान्यांचा घर्रघर्र आवाज येत असे. इतकी वर्षं जालन्यात काढल्यावर तो आवाज त्याला ऐकूही येईनासा झाला होता. आज मात्र येत होता. पडद्यावर त्याच्याच गावचा माळ होता, केदारखेड्याच्या उत्तरेचा, शहाण्णव सालच्या एका हिवाळी सकाळचा. माळ म्हणजे करड्या चौकोनांचं एक ठिगळ. एकेका चौकोनात गावातली पाच-सहा घरं मावावीत, एवढी जमीन. एकाच सकाळी दोन उपग्रह त्या माळावरून गेले होते. आधी जुना, मग अर्ध्या तासानं नवा. जुन्याच्या चित्रात माळ एकसारखा होता, धुतलेल्या पाटीसारखा. नव्याच्या चित्रात दक्षिणेच्या कोपऱ्यात दोन चौकोन काळपट होते, आणि त्यांच्या शेजारचा तिसरा किंचित. आधी त्याला वाटलं, यंत्राची चूक असेल. वाटलं, ढगाची सावली असेल, पण त्या दिवशी आभाळात ढग नव्हता हे त्याच्याइतकं कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. मग त्याला उमगलं. मेंढरं. दुसरं काय असणार? काळी मेंढरं एका जागी दाटली की माळावर असाच डाग पडतो. लहानपणी टेकडीवरून तो डाग त्यानं शेकडो वेळा पाहिला होता. फक्त एवढ्या उंचावरून कधी पाहिला नव्हता.

त्याचं काम सांगायला सोपं होतं आणि लोकांना पटायला अवघड. उपग्रहाची नजर वर्षागणिक मंदावते. जमीन तीच असली तरी चित्र थोडं अंधारं येतं, आणि ते तसंच धरलं तर कुणीही म्हणेल, मुलूख उजाड होत चालला. एक उपग्रह थकला की दुसरा येतो, त्याची नजर आणखी वेगळी. मग पंधरा-वीस वर्षांची चित्रं एका मापात आणायची कशी? त्यासाठी खाली अशी एक जागा लागते जी बदलत नाही. उपग्रह डोक्यावरून जातो त्याच वेळी माणसानं तिथं उभं राहून ती जागा किती उजळ आहे हे मोजायचं, वरच्याचा आकडा खालच्याशी ताडून पाहायचा, आणि जो फरक निघेल तो सगळ्या चित्रांना लावायचा. वाळवंटातली उजळ जागा त्याच्या संस्थेकडे होती. दख्खनच्या काळ्या-तांबड्या दगडाची एक हवी होती. तेव्हा नवाच लागलेला राधाकिसन बैठकीत उठून म्हणाला होता, आमच्या गावाला एक माळ आहे, तिथं काहीच उगवत नाही. सगळे हसले होते. मग नकाशा उघडला गेला. झाड नाही, विहीर नाही, चढउतार नाही. मेंढरांच्या मागं ज्या माळावर त्याचं बालपण उन्हात वाळलं, त्या माळाला तेव्हापासून संस्थेच्या कागदांत क्रमांक मिळाला. आता सगळी जुनी चित्रं नव्यानं लावायचं काम चालू होतं, आणि जिथं जुना उपग्रह संपून नवा सुरू होत होता, बरोबर त्या सांध्यावर आकड्यांत एक पायरी, एकदम झालेला बदल, दिसत होती. अगदी बारीक. पण ती पायरी घेऊन सात वर्षांचे नकाशे निघाले होते, अहवाल गेले होते, त्यांवर माणसांनी भाषणं केली होती. नागपूरहून अण्णासाहेबांनी, त्याच्या वरिष्ठांनी, फोनवर शांतपणे सांगितलं होतं की कारण सापडलं तर ठीक, नाहीतर केदारखेडा वगळू आणि वाळवंटाचा आकडा घेऊ. कारण सापडलं होतं. नव्या उपग्रहाची नजर त्या काळ्या डागासकट माळाशी ताडली गेली होती.

त्याला पहिल्यांदा राग आला तो संपतदादाचा. भावावरचा राग हा एक विचित्र राग असतो. तो आजचा नसतो, तो कधीचाच असतो आणि आज फक्त वर येतो. मोजणीच्या सकाळी माळ मोकळा लागायचा. हे त्यानं दादाला किती वेळा सांगितलं होतं. दादाही दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकायचा, आणि म्हणायचा, "तू मोज. मी हाय न." आणि खरंच, जीप माळावर पोचायच्या आधी दादा मेंढरं ओढ्याच्या काठाला वळवून उभा असायचा, खांद्यावर घोंगडी, काठीवर हनुवटी. बाप म्हस्कू लवकर गेला तेव्हा दोघांतल्या एकानंच शाळेत जावं असं ठरलं, आणि ते ठरवताना कुणी दादाला विचारलं नव्हतं. दादानंही कधी काढलं नाही. उलट कुणी विचारलं तर सांगायचा, आमचा किसना वरच्या यंत्राला आपला माळ दाखवतो. तो अभिमान राधाकिसनला कधी सोसला नाही. त्यापेक्षा दादानं हिशेब मागितला असता तर बरं झालं असतं. आणि आता हे दोन काळे चौकोन. एक काम सांगितलं होतं, एकच, आणि तेवढंही. तो असं मनात म्हणत होता आणि म्हणता म्हणताच त्याला कळत होतं की आपण हा राग मुद्दाम धरून ठेवतो आहोत, कारण तो सुटला की त्या सकाळचं दुसरं काहीतरी समोर येईल.

ते आलंच. संध्याकाळी घरी जेवायला बसला आणि उषानं, त्याच्या बायकोनं, दोनदा विचारलं तरी भाजी कशी झाली हे त्याला सांगता येईना, तेव्हा ते ताटासमोर येऊन बसलं. त्या हिवाळ्यात माय आजारी होती. दम लागायचा. डॉक्टर बघून गेला होता, औषध चालू होतं, मरणाचं कुणी बोलत नव्हतं. राधाकिसन मोजणीसाठी आदल्या दिवशी येऊन घरीच राहिला होता. सकाळी माय, आसराबाई, भिंतीला टेकून बसली होती, बशीतून चहा घेत होती. बशी तिच्या हातात थरथरत होती, म्हणून त्यानं ती धरली, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. म्हणाली, "जा, ऊन वर येऊन राह्यलं." त्याच्या कामातलं तिला तेवढंच कळलेलं होतं, की ऊन लागतं. तो गेला. माळावर हवा इतकी स्वच्छ होती की लांबच्या राजूरच्या गणपतीच्या टेकडीची कड चाकूनं कापल्यासारखी दिसत होती. किती महिने अशी सकाळ मिळाली नव्हती, आणि दोन्ही उपग्रह एकाच दिवशी डोक्यावरून जाण्याचा योग पुन्हा येणार नव्हता, कारण जुना आता बंदच होणार होता. त्यानं आणि बरोबरच्या दोघांनी उजेड ताडून बघायची पांढरी पाटी मांडली, मोजायचं यंत्र तिच्यावर धरलं, मग जमिनीवर, मग पुन्हा पाटीवर. पहिली फेरी झाली. वर काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. घड्याळ बघायचं आणि मानायचं की आत्ता गेला.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्यानं मान वर केली तेव्हा लांब ओढ्याच्या बाजूला त्याला झुंबरवैनी दिसली होती, दादाची बायको. हिरवं लुगडं. ती भरभर येत होती, दादापाशी थांबली, मग खाली बसली, मग उठली आणि आली तशी परत गेली. भाकरी घेऊन आली असेल असं त्याला वाटलं. त्याला भूक लागली होती. आता भाजी-भाकरी मिळणार म्हणून त्याला बरं वाटलं होतं. मग दुसरी फेरी आली आणि तो पुन्हा यंत्राकडे वाकला. सगळं मनासारखं झालं. बरोबरचे दोघं हसत होते, एकानं खिशातून बडीशेप काढून वाटली. आवराआवर त्यानं स्वतः केली. पांढऱ्या पाटीवर धूळ बसली की ती पुढच्या वेळी दगा देते, म्हणून मऊ कुंचल्यानं ती चारी बाजूंनी साफ केली, कापडात गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटीचा पट्टा एकदा सैल वाटला म्हणून सोडून पुन्हा आवळला. तोवर दादा चालत आला. मेंढरं त्यानं कुणाला तरी सोपवली होती. म्हणाला, चल घरी. जीपमध्ये दादा पुढच्या सीटवर होता, त्यामुळे त्याचं तोंड दिसलं नाही. घरासमोर माणसं बसली होती. आणि कुणीतरी, ते कोण हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही, पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, आत्ताच गेली.

आत्ताच. त्या एका शब्दात तो सात वर्षं राहत होता. आत्ताच म्हणजे किती? जीप गावात वळली तेव्हा? ओढा उतरली तेव्हा? पेटीचा पट्टा सोडून पुन्हा आवळला, तो वेळ? अंघोळ करताना, बसची वाट बघताना, पोराच्या शाळेत पालकांच्या रांगेत उभा असताना त्याचे हात मनातल्या मनात ती पाटी पुसायचे आणि दरवेळी घाईनं पुसायचे, कुंचला न वापरता, नुसत्या बाहीनं, पट्टा न आवळता, आणि दरवेळी तो घरी पोचायचा तेव्हा माय भिंतीला टेकून बसलेली असायची. उषाला हे माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं समजूत काढली असती, आणि समजूत त्याला नको होती. एका अर्थी कामानंच त्याला सांभाळलं होतं. तो स्वतःला सांगायचा, निदान ती मोजणी चांगली झाली. आपण तिथं होतो ते उगाच नव्हतो. देशभरातल्या चित्रांच्या मागं कुठंतरी ती सकाळ आहे. आणि आता कळत होतं की सकाळ होती, पण नासकी होती.

रविवारी तो भोकरदनच्या एसटीत बसला. उषाला म्हणाला, दादाला भेटून येतो, बरेच दिवस झाले. खिडकीची काच बंद होत नव्हती. थंड वारा तोंडावर येत होता, आणि बाहेर कपाशीचं शेवटचं बोंड वेचून झालेली रानं, तुरीचे तोडलेले खुंट, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा जात होता. त्याला सवयच लागली होती, कुठलीही जमीन दिसली की वरून ती कशी दिसेल हे मनात येण्याची. ही काळी, ही लालसर, ही ओली. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर पोर झोपलं होतं, त्याचं डोकं राधाकिसनच्या दंडाला लागत होतं, आणि हे वरून दिसणार नाही असं त्याच्या मनात आलं. दादाला काय विचारायचं? तू मेंढरं का सोडलीस, असं? सात वर्षांनी? आई गेलेल्या दिवसाबद्दल भावाला पहिला प्रश्न तोच विचारायचा? आजवर दोघं त्या दिवसाबद्दल बोललेच नव्हते. वर्षश्राद्धाला शेजारी बसले होते, पान वाढलं होतं, कावळ्याची वाट बघितली होती, पण बोलले नव्हते.

घरी झुंबरवैनी एकटीच होती. एका डोळ्यात तिला फूल पडलं होतं, त्यामुळे ती मान वाकडी करून बघायची. त्याला बघून तिला आनंद झाला, पोरांचं विचारलं, उषाला का आणलं नाही म्हणून रागावली. ते माळाकडं गेलेत म्हणाली, मेंढरं आता थोडीच राहिली आहेत, पण घरी बसवत नाही त्यांना. दादासाठी भाकरी बांधायला घेतली होती ती तिनं त्याच्याच हाती दिली. दारातून निघताना तो थांबला. त्या दिवशीही वैनी हीच वाट चालत आली होती. विचारावं असं ओठावर आलं. पण वैनी त्या वाकड्या मानेनं त्याच्याकडे इतक्या मायेनं बघत होती की तो फक्त येतो म्हणाला.

दादा माळाच्या कडेला, गावातल्या रखमाजीच्या हरभऱ्याच्या बांधाजवळ बसला होता. मेंढरं खाली मान घालून बांधालगतचं वाळलेलं गवत कुरतडत होती. राधाकिसनला बघून दादा उठला नाही, हसला, जागा करून दिल्यासारखा थोडा सरकला, जणू माळावर जागा कमी होती. भाकरी सोडली. ठेचा होता, कांदा होता. दोघांनी खाल्लं. पाण्याचं बोलणं झालं, रखमाजीच्या पोराच्या लग्नाचं झालं. दादा पार म्हातारा दिसत होता, आणि दोघांत तीनच वर्षांचं अंतर होतं. मग बोलायचं संपलं आणि राधाकिसननं विचारून टाकलं.

"दादा, माय गेली त्या दिवशी मेंढरं माळावर आल्ती का?"

दादानं हात झटकले, कांद्याची साल बोटाला चिकटली होती ती काढली. "कोनी सांगितलं?"

"वरून दिसलं."

"वरून?" दादानं आभाळाकडे बघितलं नाही, जमिनीकडेच बघितलं. "इतकं दिसतं व्हय? मंग मीबी दिसलो असंल."

"माणूस दिसत न्हाई. मेंढरं एका जागी दाटली म्हणून काळं दिसलं."

दादा काठीच्या टोकानं एक ढेकूळ फोडत राहिला. राधाकिसनला वाटलं, तो सबब शोधतो आहे, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली, की इतकं विचारायला आपण इतक्या लांब आलो. मग दादा बोलला तो सबब सांगत असल्यासारखाच, खालच्या आवाजात.

"आल्ती. मी खाली बसलो व्हतो. बसलो, आन मंग उठताच येईना. मेंढरं गेली आत. मला दिसत व्हतं ती आत जाऊन राह्यलीत, पर पायच न्हवते मला."

"का, काय झाल्तं?"

"झुंबर सांगून गेल्ती न."

"काय सांगून?"

दादानं त्याच्याकडे बघितलं, जणू हे त्याला माहीत नाही हे दादाला आत्ता कळत होतं. "माय गेली म्हनून."

वारा नव्हता. मेंढरांच्या दातांचा बारीक आवाज तेवढा येत होता. राधाकिसनला हिरवं लुगडं दिसलं, खाली बसलेलं. आपल्याला लागलेली भूक आठवली.

"तुझी एक फेरी झाल्ती, एक राह्यली व्हती," दादा म्हणाला. "झुंबर म्हनली, किसनाला बोलवा. मी म्हनलं, आता त्यो आल्यानं माय उठंल का? मंग म्हनलं, ऱ्हाऊ दे. त्याचं काम व्हऊ दे. पुन्हा असा दिवस न्हाई म्हनत व्हता त्यो. लोकायलाबी सांगून ठेवायला लावलं, की त्यो आला की म्हना, आत्ताच गेली. तुला वाटू नये, आपल्यापसून लपवलं."

म्हणजे तो पाटी पुसत होता तेव्हा ती कधीचीच गेलेली होती. पट्टा आवळला काय, न आवळला काय. बडीशेप वाटली गेली तेव्हा साऱ्या गावाला माहीत होतं. घरासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं आणि सगळे त्याचं काम संपायची वाट बघत बसले होते. त्याला मोकळं वाटायला हवं होतं. सात वर्षं ज्या दहा मिनिटांसाठी तो स्वतःला खात होता ती दहा मिनिटं नव्हतीच. पण मोकळं वाटत नव्हतं. ते ओझं गेलं आणि त्या जागी दादा बसलेला दिसला, या माळाच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, आई मेलेली आणि सांगायला कुणी नाही, समोर भाऊ पांढऱ्या पाटीवर वाकलेला. 'आत्ताच' हा शब्द दादानं त्याच्यासाठी निवडला होता. त्याला लागू नये म्हणून. त्या शब्दानं त्याचं काय केलं हे दादाला सांगायचं का? त्यानं ते गिळलं. ते आता कुणालाच सांगायचं नाही, हे त्याला तिथंच कळलं.

"बिघडलं का मंग काही?" दादानं विचारलं. "मेंढरांपाई?"

खोटं बोलता आलं असतं. पण दादा इतका सरळ बघत होता.

"थोडं बिघडलं."

"तवाच का न्हाई सांगितलं?"

"मलाच आत्ता कळलं."

"नीट करता येतं का?"

"येतं. तेवढा कोपरा सोडून बाकीचा माळ धरायचा. मंग जमतं बराबर."

"मंग सोड त्यो कोपरा," दादा म्हणाला. आणि मान हलवत पुन्हा म्हणाला, "सोडून दे." तो हसल्यासारखं करत होता, पण ओठ जागेवर राहत नव्हते. "मी त्या दिशी रडलो न्हाई. तू बघशील म्हनून. लांबून तुला दिसलं असतं. आन मंग घरी आलो तर सगळे तुलाच धरून बसले व्हते, तू लहान म्हनून. मंग माझं ऱ्हाऊनच गेलं."

एवढं बोलला आणि त्यानं घोंगडी डोक्यावरून पुढं ओढली. आधी काही आवाज आला नाही. नुसती घोंगडी हलत होती. मग आतून असा आवाज आला की जवळची दोन मेंढरं माना वर करून बघायला लागली. राधाकिसननं हात पुढं केला, पण त्या घोंगडीवर कुठं ठेवावा ते त्याला कळेना. लहानपणी मार बसला की दादा त्याला जवळ घ्यायचा. दादाला कधी कुणी घेतलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पुढची मेंढरं बांध चढून हरभऱ्यात शिरली. दादाला ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असेल, पण तो उठला नाही. राधाकिसन उठला. पायांत चपला होत्या, ढेकळं टोचत होती. लहानपणी ज्या आवाजानं मेंढरं वळायची तो आवाज त्यानं काढायचा प्रयत्न केला, पण घशातून भलतंच काही निघालं आणि मेंढरांनी मानसुद्धा वर केली नाही. मग त्यानं एकेकाला ढकलायला सुरुवात केली. लोकर हाताला तेलकट लागत होती. एक बाहेर काढलं की दुसरं आत जात होतं. रानाच्या पलीकडच्या टोकाला रखमाजी उभा राहिलेला दिसला, काहीतरी ओरडण्यासाठी त्यानं हात वर केला, आणि मग बांधाजवळची ती हलणारी घोंगडी त्याला दिसली असावी, कारण त्याचा हात खाली आला. तो ओरडला नाही, जवळही आला नाही.

शेवटी सगळी माळावर आली तेव्हा राधाकिसन दादाच्या थोडं पुढं बांधावर चढला. दोन्ही हात पसरून, मेंढरांकडे तोंड आणि भावाकडे पाठ करून, तो तिथं उभा राहिला. ती येत होती, त्याच्या गुडघ्यांना धडकत होती, आणि तो अडवत होता. पाठीमागचा आवाज मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्यानं वळून बघितलं नाही. दादाचं होईपर्यंत तो तसाच उभा होता.